परगावचा पदार्थ

रहस्यकथा वाचणारी माणसे पुष्कळ असतात. वाचतो असे सांगणारी थोडी. सरकारी नोकरीत ही संख्या आणखी घटते. साहेबांच्या दिवाणखान्यातील काचेच्या कपाटात ज्ञानेश्वरी, गीतारहस्य आणि इतिहासाचे दोन-चार खंड मानाने उभे असतात. उशीखाली मात्र निराळाच ग्रंथ सापडतो. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्या कोणीतरी वाचल्याच असल्या पाहिजेत, पण ज्याला विचारावे तो म्हणतो, "आमच्या धाकट्या भावाला फार नाद होता!"

दिल्लीत नोकरीच्या निमित्ताने येऊन स्थिरावलेली आम्ही दहाबारा मराठी कुटुंबे महिन्यातून एकदा एकत्र जमतो आणि एका पुस्तकावर बोलतो. जानेवारीच्या बैठकीसाठी महिलावर्गाने बहुमताने एक इंग्रजी रहस्यकथा सुचविली तेव्हा पुरुषमंडळींनी थोडे आढेवेढे घेतले, आणि मग सर्वांनी ती ठरलेल्या मुदतीच्या आत वाचून संपविली. गंभीर ग्रंथांच्या बाबतीत असा चमत्कार आमच्या मंडळात यापूर्वी घडलेला नव्हता.

पुस्तक होते एम. सी. बीटन यांचे 'अगाथा रेझिन अँड द कीश ऑफ डेथ'. बीटन हे टोपणनाव. लेखिका मूळची स्कॉटलंडमधील मॅरियन चेस्नी. पुस्तक 1992 साली निघाले आणि त्यातून एक लांबलचक मालिका उभी राहिली. ज्या कथांत रक्तपात पडद्याआड होतो, गाव लहान असते, तपास करणारी व्यक्ती पोलिसखात्यातील नसते आणि चहाबरोबर केक कोणता होता हे खुनाइतक्याच काळजीने सांगितलेले असते, त्या जातीची ही कथा. कीश म्हणजे काय, यावर प्रथम थोडा खल झाला. मैद्याच्या पारीत अंडी, साय आणि चीज यांचे सारण घालून भट्टीत भाजलेला हा पदार्थ. त्याला कचोरी म्हणावे तर ती तळलेली असते, आणि पोळी म्हणावे तर ही उघडी. शेवटी तिला कीशच म्हणावे असे ठरले.

कथानक थोडक्यात असे. लंडनमध्ये जाहिरात-प्रसिद्धीचा धंदा करून पैसा मिळविलेली अगाथाबाई पन्नाशीनंतर तो विकून कॉट्सवोल्ड भागातील एका खेड्यात राहावयास येते. खेडे चित्रासारखे सुंदर. पण तेथे तिला ओळखणारे कोणी नाही. लोक हवापाण्यापलीकडे बोलत नाहीत. गावात कीशची स्पर्धा आहे असे कळताच बाई ठरविते की बक्षीस मिळवून आपण गावाच्या नजरेत भरायचे. स्वयंपाक तर येत नाही. म्हणून ती लंडनमधील एका दुकानातून पालकाची तयार कीश आणते आणि स्वतःची म्हणून मांडते. बक्षीस दुसरीलाच मिळते. उरलेली कीश परीक्षक घरी खातो आणि मरतो. तिच्यात पाणथळ जागी उगवणारी काऊबेन ही विषारी वनस्पती निघते. आता बाईला पोलिसांना सांगावेच लागते, की ही कीश मी केलेलीच नाही! ज्यांनी पुस्तक वाचलेले नाही त्यांच्या आनंदावर विरजण नको, म्हणून पुढचे आम्ही सांगत नाही.

जानेवारीची बैठक आम्ही उन्हासाठी बाहेर कोठेतरी घेतो. चौदा तारीख जवळ आलेली. म्हणून यंदा पानिपतजवळच्या काला अंबला जाऊ, असे एकाने सुचविले. दिल्लीत वर्षानुवर्षे राहूनही आमच्यापैकी निम्म्यांनी ते स्थळ पाहिलेले नव्हते. तेव्हा सकाळी धुक्यात निघालो आणि ऊन पडता पडता तेथे पोहोचलो. विटांचा एक स्तंभ, त्यावर लोखंडी दांडा, भोवती कठडा आणि बाग. येथे एक आम्रवृक्ष होता. रणातल्या रक्ताने त्याचा रंग काळवंडला, अशी आख्यायिका. झाड केव्हाच वठून गेले, त्याच्या लाकडाची दारे झाली. नाव मात्र राहिले.

स्तंभाला नमस्कार करून मंडळी गवतावर बसली, आणि पिशवीतून कीशचे पुस्तक निघाले तेव्हा आमचे अण्णा, लेखापरीक्षण खात्यातून निवृत्त झालेले, एकदम म्हणाले, "या जागेवर ही चर्चा शोभत नाही. इथे एका दिवसात हजारो माणसे पडली. आणि आपण एका इंग्रज परीक्षकाच्या पोटदुखीची चौकशी करायची?" आक्षेप खरा होता. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग माई म्हणाल्या, "अण्णा, डबे तर उघडायचेच आहेत ना? मग बोलू या." माईंनी यजमानांच्या नोकरीपायी सात गावी संसार मांडला आणि मोडला आहे, त्यांचा शब्द आमच्यात शेवटचा असतो.

मते निघू लागली. अण्णांचे मत अपेक्षित असेच होते. खुनाचा निकाल न्यायालय लावील. पण बाईने 'जिन्नस स्वतः केला' असे खोटे निवेदन दिले, हा मूळ गुन्हा, आणि लेखिकेने त्यावर हसून तो माफ केला. एका तरुण अधिकाऱ्याला रहस्य पातळ वाटले; निम्म्या पुस्तकातच खुनी ओळखला, असे तो म्हणाला. (त्याच्या पत्नीने मान हलवून वेगळीच साक्ष दिली.) आमच्या डॉक्टरांनी विषाची बाजू घेतली: ही वनस्पती खरोखरच घातक आहे, झटके येऊन माणूस थोड्या अवधीत दगावतो, तेव्हा लेखिकेने येथे थाप मारलेली नाही. कोणाला त्यातली थट्टा आवडली, कोणाला बाईचा उद्धटपणा खटकला.

माईंचे मत सर्वांत निराळे होते. त्या म्हणाल्या, "मला खुनाचे काही वाटले नाही. ती बाई नव्या घरी आली त्या दिवशी शेजारून कोणी तिला जेवायचे विचारले का? आपण नव्या गावी गेलो की पहिल्या महिन्यात काय करतो? काहीतरी गोड करून शेजारी डबा पाठवतो. मला पुरण शिजवायला वेळ नसला तर मीही बाजारातून आणून आपल्या डब्यात घातले आहे. डबा हा अर्ज असतो हो! तो कोणाच्या अक्षरात लिहिला हे काय पाहायचे?"

या पुस्तकाच्या जन्माची हकीकत लेखिकेनेच सांगितली आहे, ती येथे आठवते. मुलाच्या शाळेने पालकांकडून घरी केलेले पदार्थ मागविले. हिने दुकानातून कीश आणल्या आणि स्वतःची चिठ्ठी लावून धाडून दिल्या. म्हणजे माईंचा पक्ष लेखिकेचाच पक्ष होय. तरीही मतदानात मंडळी बरोबर दुभंगली. तेव्हा आम्हांस बडोद्याची गोष्ट आठवली. 1874 च्या नोव्हेंबरात रेसिडेंट कर्नल फेअर यांच्या पपनसाच्या सरबतात विष घातल्याचा आरोप मल्हारराव गायकवाडांवर आला. 1875 साली चौकशीला सहा जणांचे मंडळ बसले. तीन इंग्रज सभासदांनी आरोप सिद्ध मानला, तर शिंदे महाराज, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव यांनी तो मानला नाही. मते समसमान झाली, तरी मल्हाररावांची गादी गेलीच. घोट एकच, पण तो कोणाच्या हातून आला यावर विश्वासाचा सारा निवाडा. स्वयंपाकघरातील रहस्यकथेचे मर्म हेच असावे. तलवारीपासून माणूस सावध राहतो. पुढ्यात आलेल्या पानावर तो विश्वास ठेवतो. परक्या गावात तर हा विश्वास दोन्ही बाजूंनी नवाच असतो.

येथे अण्णांचा आक्षेप आम्ही पुन्हा पुढे घेतला. कारण त्याला उत्तर त्या जमिनीतच होते. बीटनबाईंच्या खेड्यात अन्न इतके आहे की त्याच्या स्पर्धा होतात. अशी कथा भरल्या कोठारांच्या देशातच सुचते. काला अंबच्या परिसरात अन्नाची दुसरीच हकीकत घडली. 1760 च्या ऑक्टोबरात कुंजपुरा घेतला तेव्हा मराठ्यांच्या हाती धान्य आले. मग अब्दाली यमुना उतरून दिल्लीच्या वाटेवर आडवा बसला. नोव्हेंबरपासून छावणी पानिपतला अडकली; लढवय्यांबरोबर बाजारबुणगे आणि यात्रेकरूही होते, आणि खाणारी तोंडे सारखीच. अंतर्वेदीतून रसद पाठविण्याची आणि शत्रूची रसद तोडण्याची भिस्त ज्यांच्यावर, ते गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. शेवटी सरदारांनी भाऊसाहेबांना सांगितले की माणसे दोन दिवस उपाशी आहेत, मरायचे तर लढून मरू. 14 जानेवारी 1761, बुधवार, पौष शुद्ध अष्टमी. पुढे ती वार्ता एका सावकारी पत्रातून पेशव्यांना कळली. माणसांच्या जागी मोती, मोहरा आणि खुर्दा लिहिलेला. मराठीत याहून भयंकर सांकेतिक मजकूर आम्हांस ठाऊक नाही.

तेव्हा या मातीवर बसून अन्नाविषयी बोलणे अप्रस्तुत कसे? परक्या मुलखात आलेल्या माणसाला कोण जेवू घालतो, हाच प्रश्न त्या हलक्या पुस्तकात हसत विचारला आहे, आणि येथे तो कोणी हसत विचारू शकला नव्हता. अण्णा काही बोलले नाहीत. पण त्यांनी डबा उघडला.

आमच्या शेजारी जवळच्या खेड्यातील एक हरियाणवी कुटुंब बसले होते. ते रोड समाजाचे होते. आपले पूर्वज त्या लढाईतून मागे राहिलेले मराठे, अशी या समाजातील पुष्कळांची श्रद्धा आहे. इतिहासाच्या अभ्यासकांत तिच्याविषयी वाद आहे. त्यांतील आजींनी आमच्या बोलण्याचा सूर ऐकून विचारले, "महाराष्ट्र से हो?" आणि कागदाची पुडी पुढे केली. तीत गजक होती. तीळ आणि गूळ! माईंनी तिळगूळ दिला, त्यांनी गजक दिली. गोड बोलण्याचा मंत्र भाषांतरावाचून उमगला. पुडीवर पानिपतच्या एका दुकानाचे नाव छापलेले स्पष्ट दिसत होते. अण्णांनी ते वाचले, चष्मा पुसला, आणि दुसरा तुकडा उचलला.