डोळे बघतात, मेंदू ओळखतो

आपण डोळ्यांनी बघतो हे पहिलीतल्या मुलालाही ठाऊक आहे. पण आमच्या बाईंनी सांगितले की नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. डोळा उजेड आत घेतो आणि मेंदूला निरोप पाठवतो. समोर काय आहे ते मेंदू ठरवतो. निरोप अर्धवट असला तर तो आपल्या मनाची भर घालतो. मग कधी कधी नसलेलेही दिसते. त्याला दृष्टिभ्रम म्हणतात.

शेजारी मी चित्र काढले आहे. त्यात तीन काळे गोल आहेत. भाकरीची कोर मोडावी तसा प्रत्येकाचा एक तुकडा काढलाय. मोडलेल्या बाजू एकमेकांकडे आहेत. मध्ये पांढरा त्रिकोण दिसला ना? तो मी काढलेलाच नाही! तिन्ही गोल हातांनी झाका, त्रिकोण गेला. असे चित्र इटलीतल्या गाएतानो कानिझ्सा या शास्त्रज्ञांनी १९५५ साली दाखवले.

चेहरे तर मेंदूला कुठेही सापडतात. १९७६ साली व्हायकिंग १ या यानाने मंगळाचा फोटो पाठवला. त्यात माणसाचे तोंड दिसत होते. २००१ साली चांगल्या कॅमेऱ्याने फोटो काढला, तेव्हा ती साधी टेकडी निघाली. तोंड केले होते उजेडाने आणि सावलीने.

आमच्या घरीही असे झाले. धाकटी बहीण तिन्हीसांजेला गोठ्यात गेली आणि "साप, साप" करत पळत आली. दादाने बॅटरी मारली तर म्हशीचे दावे पडलेले. सगळे हसले. ती रडायला लागली. पण आजी रागावली. म्हणाली, "दाव्याला साप म्हटलं तर काय बिघडलं? सापाला दावं समजून हात घातला असता, मग?"

मला आजीचे पटले. फुरसे मातीच्याच रंगाचे असते. पाचोळ्यात ते दिसतच नाही. मेंदू म्हणतो, काही नाही, आणि पाय पडतो. आमच्या वाडीतल्या एका काकांना असेच फुरसे चावले. लगेच दवाखान्यात नेऊन इंजेक्शन दिले म्हणून ते वाचले.

आता तो त्रिकोण परत बघा. नाही हे माहीत असूनही दिसतोच. तसेच भिणाऱ्याला साप खरोखर दिसलेला असतो. त्याला हसू नये. बॅटरी घेऊन त्याच्याबरोबर जावे.

इयत्ता ४ थी