भिलारच्या ओसरीवर

नाताळच्या सुट्टीत साताऱ्याहून निघालो ते खरं तर मुलांना स्ट्रॉबेरीचे मळे दाखवायला. वाई मागे पडली, पसरणीचा घाट चढून पाचगणी आली आणि महाबळेश्वरच्या वाटेवर थोडं पुढे भिलारचा फाटा लागला. "पुस्तकांचं गाव म्हणजे गावभर पुस्तकांची दुकानं का गं?" सासूबाईंनी गाडीत दोनदा विचारलं.

दुकानं नाहीतच. ४ मे २०१७ रोजी राज्य शासनाच्या पुढाकाराने हे गाव पुस्तकांचं झालं. कल्पना वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावावरून घेतलेली. पण तिथे पुस्तकं विकली जातात, इथे कुणीही यावं, बसावं आणि फुकट वाचावं. सुरुवातीला २५ ठिकाणी मिळून सुमारे १५ हजार पुस्तकं ठेवली होती. ही ठिकाणं म्हणजे बहुतेक लोकांची राहती घरं. कुणाच्या खोलीत कविता, कुणाकडे इतिहास, कुठे बालसाहित्य. आत स्वयंपाकाला फोडणी पडतेय आणि बाहेर अनोळखी माणूस खुर्चीवर वाचत बसलाय, याचं इथे कुणाला नवल नाही.

माझी पाच वर्षांची मुलगी मात्र बाहेरच थबकली. भिंतीवर रंगीत चित्रं होती.

"अम्मी, यांना कुणी रागावलं नाही?"

मला उत्तर सुचलं नाही. ईदच्या आधी आम्ही हॉल रंगवला आणि आठ दिवसांत तिने त्यावर खडूने घर, झाड, शेळी असं सगळं काढलं. मी फार बोलले. नको इतकं बोलले. तेव्हापासून खडूंचा डबा तिने पुन्हा मागितला नव्हता, आणि मूल शहाणं झालं म्हणून मी मनात खूश होते!

बालसाहित्याच्या घरात पुस्तकं मुलांच्या हाताला येतील अशी ठेवली होती. तिसरीतला मुलगा इंग्रजी शाळेत जातो. मराठी वाचताना अडखळतो, आणि अडखळला की मी लगेच दुरुस्त करते. इथेही मी त्याच्या शेजारी सरसावून बसणार, तेवढ्यात सासूबाईंनी एक गोष्टीचं पुस्तक उचललं. त्या चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकलेल्या. बोट ठेवून, एकेक शब्द पुटपुटत वाचू लागल्या. एका जोडाक्षराशी गाडी अडली. मुलगा हळूच सरकला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "दादी, असं नाही." पुढच्या ओळीला तो अडला. दोघं हसली. तासभर ती जोडी तिथून उठली नाही. इतके दिवस मी शेजारी बसून जे केलं, ते वाचन नव्हतं, परीक्षाच होती. घरच्या बाईंनी पाणी आणून दिलं. पण काय वाचलं, काय कळलं, असं काहीच विचारलं नाही.

स्ट्रॉबेरी शेवटी निघताना घेतल्या. थोड्या आंबटच होत्या.

परत येताना साताऱ्यात माधुरी पुरंदरे यांचं 'राधाचं घर' घेतलं. चित्रंही त्यांचीच आहेत. घरी आल्यावर काचेच्या कपाटाचा खालचा कप्पा रिकामा केला. तिथला डिनर सेट वर्षातून एकदा निघायचा, तो माळ्यावर गेला. जुन्या कॅलेंडरची पानं उलटी करून हॉलच्या भिंतीवर मुलीच्या उंचीला चिकटवली आणि खाली खडूंचा डबा ठेवला. यांनी विचारलं, "पाहुणे आले की काय म्हणतील?" म्हटलं, म्हणू देत.

दोन दिवस तिने डब्याला हात लावला नाही. नुसती येता-जाता बघायची, मग माझ्याकडे बघायची. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कणीक मळत असताना हॉलमधून खडू घासल्याचा आवाज आला. जाऊन पाहिलं तर कागदावर एक मोठा लाल गोळा, त्यावर हिरवी टोपी.

"स्ट्रॉबेरी," ती म्हणाली.

लाल रंग कागदाच्या कडेवरून बोटभर भिंतीवर गेला होता. तिलाही ते दिसलं होतं. ती माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

"आंबट आहे की गोड?" मी विचारलं, आणि पुन्हा कणकेकडे वळले.