सहृदयाची नियमावली

साहित्याच्या अध्यापनाविषयी बोलताना ‘नियम’ हा शब्द उच्चारला, की आपल्याकडचे रसिक मन किंचित आक्रसते. कविता आणि हजेरीपट यांना एकाच खोलीत जागा कशी द्यायची, असा प्रश्न त्याला पडतो. आस्वाद ही आतून उमलणारी गोष्ट आहे, ती कोणाला शिकवता येत नाही, हे मत मी चर्चासत्रांतून आणि शिक्षकांच्या खोल्यांतून जवळजवळ चाळीस वर्षे ऐकत आलो आहे. हेच मत हिरिरीने मांडणारे अध्यापक परीक्षेच्या तोंडावर मात्र रसग्रहणाचे ठरीव मुद्दे फळ्यावर लिहून देतात आणि त्यात त्यांना काही विसंगती वाटत नाही.

ज्या परंपरेने ‘सहृदय’ ही संज्ञा आपल्याला दिली, तिचे म्हणणे वेगळे आहे. अभिनवगुप्ताने ‘लोचना’त सहृदयाचे लक्षण सांगताना जन्मजात रसिकतेवर भिस्त ठेवलेली नाही. काव्याच्या सततच्या अनुशीलनाने, अभ्यासाने ज्याच्या मनाचा आरसा निर्मळ झाला आहे, तो सहृदय, असा त्याचा आशय आहे. म्हणजे सहृदयता ही कमवावी लागते. आरसा पुसावा लागत असेल, तर कोणी, किती वेळा आणि कशाने पुसायचा, हे प्रश्न ओघानेच येतात. आणि माझ्या मते नियमावली म्हणजे या प्रश्नांना दिलेली व्यावहारिक उत्तरे.

माझ्या अध्यापनाचा आरंभ खानदेशातील एका तालुक्याच्या गावी, कनिष्ठ महाविद्यालयात झाला. १९७०च्या दशकात महाराष्ट्रात १०+२+३ हा आकृतिबंध आला आणि अकरावी-बारावी ही दोन वर्षे शाळा व महाविद्यालय यांच्या मधल्या ओसरीवर येऊन बसली. शाळेची शिस्त तिथे उरली नव्हती आणि महाविद्यालयाचे ग्रंथालय हाताशी आलेले नव्हते. पाठ्यपुस्तकापलीकडे ज्यांना वाचावेसे वाटते, अशा मुलांसाठी मी शनिवारी दुपारी एक जादा वर्ग सुरू केला. त्याला आम्ही ‘प्रगत वाचनाचा वर्ग’ म्हणत असू. पहिल्या वर्षी चौदा मुले आली. त्यांच्या हाती मी चक्रमुद्रित केलेला एक कागद दिला. त्यावर वर्गाच्या अपेक्षा आणि नियम होते. पुढे मी विद्यापीठात गेलो, पण असे वर्ग निरनिराळ्या गावी घेत राहिलो आणि तो कागद दर वर्षी थोडाथोडा बदलत गेला. त्यामागचा विचार इथे मांडावासा वाटतो.

पहिला प्रश्न प्रवेशाचा. प्रगत कोणाला म्हणायचे? संस्थेच्या चालकांची अपेक्षा अशी, की दहावीला मराठीत साठ टक्क्यांच्या वर गुण असलेल्यांचीच नावे घ्यावीत. मी ती यादी केली नाही. कोणी न सांगता वाचलेल्या एका तरी मजकुराविषयी पाच मिनिटे बोलावे, एवढीच माझी अट होती. मजकूर पोथीतला असो, पंचांगातला असो की किराण्याच्या पुडीच्या कागदावरचा असो. एक मुलगी म्हणाली, ‘मी वाचलेले काही नाही, पण आजीच्या जात्यावरच्या ओव्या ऐकल्या आहेत.’ मग तिने एका ओवीत भाऊ आधी का येतो आणि नवरा मागाहून का, हे समजावून सांगितले. शब्दांच्या क्रमात अर्थ असतो, ही जाण तिला होती. चार पुस्तके वाचलेल्या मुलाजवळ ती असेलच असे नाही. गुणांची चाळणी लावली असती, तर ही मुलगी दाराबाहेर राहिली असती.

दुसरी अपेक्षा संपूर्ण कृती वाचण्याची. आपले पाठ्यपुस्तक उताऱ्यांवर उभे असते. तीत गैर काही नाही. पण उतारा हा पुस्तकाचा नमुना असतो, पुस्तक नव्हे, याचा विसर पडतो. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मधून निवडलेल्या वेच्यांत बहुधा एक खट्याळ, हजरजबाबी गृहिणी भेटते. संपूर्ण पुस्तकात मात्र १८९५ साली पतीने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर एकटी पडलेली, नंतर हळूहळू स्वतःच्या बळावर विचार करू लागलेली स्त्री दिसते आणि तिच्या विनोदाची किंमत तेव्हा कुठे कळते. वर्षाला चार पुस्तके पूर्ण वाचायची, असा आमचा नियम होता. एका प्रतीवर तीन वाचक आणि प्रत्येकाला तीन रात्री, असे वेळापत्रक भिंतीवर लावलेले असे. ‘बनगरवाडी’ या पद्धतीने नऊ दिवसांत वर्गभर फिरली. ज्याचे वाचन झाले नसेल, त्याने वर्गात यावे, ऐकावे. मात्र त्या दिवशी मत देऊ नये. हा नियम मुलांना हजेरीच्या नियमापेक्षा कडक वाटे, कारण गप्प बसणे या वयात फार जड जाते.

तिसरा नियम असा, की कवितेवर माझे एक वाक्यही ऐकण्यापूर्वी प्रत्येकाने आपले पानभर लिहून ठेवायचे. मार्गदर्शक पुस्तिका उघडायची ती त्यानंतर. आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजमध्ये विद्यार्थ्यांना कवींची नावे काढून टाकलेल्या कविता दिल्या आणि त्यांचे लेखी प्रतिसाद तपासले. ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ हा त्यांचा १९२९चा ग्रंथ त्यातून निघाला. चांगल्या शिक्षणातून आलेले वाचकही तयार प्रतिक्रियांच्या आहारी कसे जातात, हे त्यात दिसते. आमच्या वर्गातही नाव झाकले, की मुलांची भाषा बदलत असे. कवीच्या मोठेपणाला द्यायची सलामी थांबे आणि ओळीकडे पाहणे सुरू होई.

एकदा मी बहिणाबाई चौधरी यांची कविता अशीच नाव झाकून दिली. त्या भागात ते झाकणे व्यर्थ होते. पण एका मुलाने जो प्रश्न विचारला, तो मला पुढे सगळीकडे उपयोगी पडला. ‘ही आमच्या घरातली बोली आहे. मग तिच्याविषयी मी पुस्तकी भाषेत का लिहायचे?’ बहिणाबाईंची कविता त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ साली पुस्तकरूपाने आली आणि मराठीने ती डोक्यावर घेतली. परंतु त्याच बोलीत लिहिलेल्या उत्तराखाली आपण लाल शाईने रेघ मारतो. त्या दिवशी नियमावलीत एक कलम वाढले. पहिला खर्डा घरच्या बोलीत लिहिण्यास पूर्ण मुभा. अंतिम लेखन प्रमाण मराठीत. आणि दोन्ही कागद एकत्र जोडून द्यायचे. प्रमाण भाषा न शिकवणे हा त्या मुलांवर अन्यायच झाला असता, कारण नोकरीची आणि न्यायालयाची भाषा तीच आहे. पण विचार ज्या भाषेत प्रथम सुचतो, ती भाषा वर्गाबाहेर काढून ठेवायची म्हटले, तर विचारही तिच्याबरोबर बाहेर जातो. लेवा गणबोलीतल्या, अहिराणीतल्या, तांड्यावरच्या गोरमाटीतल्या त्या खर्ड्यांत मला जी निरीक्षणे वाचायला मिळाली, त्यांतली निम्मी अंतिम लेखनात गळून गेलेली असत. मग ती परत कशी आणायची, याचेच आम्ही पाठ घेऊ लागलो.

चौथी अपेक्षा पुराव्याची. रसग्रहणाचे उत्तर आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये अशा तीन मुद्द्यांत लिहावे, हे आज दहावी-बारावीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. मुद्दे वाईट नाहीत. पण त्यांचे तीन कप्पे झाले आहेत आणि कविता कोणतीही असली, तरी विद्यार्थी तेच विशेषण योग्य कप्प्यात टाकून मोकळा होतो. म्हणून पहिल्या सत्रात ‘हृदयस्पर्शी’, ‘अप्रतिम’, ‘मनाला भिडणारे’ या शब्दांना आमच्या वर्गात बंदी होती. जे म्हणायचे आहे ते कवितेतल्या एखाद्या शब्दावर बोट ठेवून म्हणावे. बोट ठेवता येत नसेल, तर ते विधान मागे घ्यावे. विधान मागे घेण्यात कमीपणा नाही, हे शिकायला मुलांना अर्धे वर्ष लागे.

अमेरिकेत शिकणाऱ्या माझ्या एका नातीने आपल्या प्रगत साहित्यवर्गाचा असाच एक कागद मला दाखवला होता. तिथे कॉलेज बोर्ड ही संस्था १९५०च्या दशकापासून शालेय विद्यार्थ्यांसाठी महाविद्यालयीन पातळीचे अभ्यासक्रम चालवते. साहित्याच्या परीक्षेत एक निबंध दिलेल्या कवितेवर, एक गद्य उताऱ्यावर आणि तिसरा विद्यार्थ्याने स्वतः निवडलेल्या साहित्यकृतीवर लिहायचा असतो. उशिरा आलेल्या कामाला किती गुण कापायचे, हे त्या कागदावर काटेकोरपणे लिहिलेले होते. त्यातली शिस्त अनुकरणीय होती. विशेषतः न शिकवलेली कविता विद्यार्थ्यापुढे ठेवण्याचे धैर्य आपल्या परीक्षेने दाखवायला हवे. वेळेचा नियम मात्र जसाच्या तसा उचलता येणार नाही. दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी सुरू झाली, की माझी निम्मी मुले शेतात असत. त्या आठवड्यांत निबंध पुढच्या शनिवारपर्यंत घेतला जाई आणि कारण विचारले जात नसे. ज्या शिक्षकाला गावचा हंगाम ठाऊक नाही, त्याने तारखांचे नियम करू नयेत.

उसनवारीविषयीचा नियम एका वाक्याचा होता. दुसऱ्याचा विचार घ्यावा, पण तो कोठून घेतला ते सांगावे. तेव्हा उसनवारी मार्गदर्शक पुस्तिकेतून होई आणि ती ओळखणे सोपे होते, कारण चौदांपैकी नऊ वह्यांत तेच वाक्य असे. आता भ्रमणध्वनीतले यंत्र क्षणार्धात नीटनेटके रसग्रहण लिहून देते आणि प्रत्येकाला वेगळे देते. यावर पहारा हा उपाय नाही. वर्गात बसून हाताने लिहिलेले पहिले पान आणि त्या पानावर समोरासमोर दहा मिनिटांचे बोलणे, हा जुनाच मार्ग मला अजूनही पुरेसा वाटतो. बारावीला मराठीच्या शंभर गुणांपैकी लेखी परीक्षेव्यतिरिक्तचे जे वीस गुण आहेत, ते उरकून टाकण्याऐवजी इथे खर्च करता येतील.

सगळ्यांत अवघड कलम अस्वस्थ करणाऱ्या पुस्तकांचे. दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले. ते मी वर्गात लावले, तेव्हा एका पालकाने भाषेला हरकत घेतली आणि ते काढून टाकावे, असा निरोप वरून आला. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’वर अश्लीलतेचा खटला झाला होता आणि त्यातून ते निर्दोष सुटले, हे मी लेखी उत्तरात नमूद केले. पुस्तक काढणार नाही. ज्याला नको असेल त्याने तितक्याच वजनाचे दुसरे पुस्तक मागावे आणि का नको ते पानभर लिहावे, असा नियम मग ठरला. पुढच्या शनिवारी तीन मुले आली नाहीत. दोघे परतले, एक परतला नाही.

त्याच वर्गात ‘बलुतं’मधले जग ज्याच्या घराच्या उंबऱ्यापाशी होते, असा एक विद्यार्थी होता. बाकीची मुले प्रत्येक प्रसंगानंतर त्याच्याकडे वळून पाहू लागली. हे खरोखर असे असते का, हा प्रश्न त्यांच्या नजरेत होता. तो खाली मान घालून पान उलटत राहिला. तेव्हा मी कागदावर स्वतःसाठी एक नियम लिहिला. कोणाही विद्यार्थ्याला त्याच्या जातीचा, धर्माचा किंवा गावाचा साक्षीदार म्हणून प्रश्न विचारायचा नाही, आणि वर्गाला विचारू द्यायचा नाही. पुस्तकाविषयी बोलायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. त्या मुलाने ‘बलुतं’वर वर्षभर एक शब्द काढला नाही. तो ‘बनगरवाडी’वर मात्र उत्तम बोलला. एका उपेक्षित वस्तीतून आलेल्या वाचकाला दुसऱ्या वस्तीवर अधिकाराने बोलता येते, हे वर्गाने त्या दिवशी पाहिले. माझ्या सगळ्या नियमांत हा एक टिकला, तरी मला पुरे.

आज चित्र दुहेरी आहे. २०२०च्या कायद्याने महाराष्ट्रातील शाळांत दहावीपर्यंत मराठी अनिवार्य झाली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. परंतु दहावीनंतर द्वितीय भाषेच्या जागी माहिती तंत्रज्ञानासारखा विषय घेण्याची मुभा मिळाल्यापासून विज्ञान-वाणिज्याची अनेक मुले सोळाव्या वर्षीच मराठी साहित्याचा निरोप घेऊ लागली. जाणते वाचन सुरू होण्याचे जे वय, त्याच वयात हे घडते. त्यांना सक्तीने परत आणावे, असे मला वाटत नाही. प्रत्येक तालुक्याला एखादा शनिवारचा वर्ग असावा, एवढे मात्र वाटते. त्यासाठी शासननिर्णयाची गरज नाही. एक खोली, चार पुस्तकांच्या पाच-पाच प्रती आणि आपली पुस्तके स्वतः वाचून येणारा एक शिक्षक, इतके पुरते.

साहित्याच्या ज्या विद्यार्थ्यांच्या हाती हा लेख पडेल, त्यांच्यापैकी अनेक जण उद्या शिक्षक होतील. त्यांनी माझी नियमावली उतरवून घेऊ नये. आपल्या गावात कोणत्या बोली आहेत, पीक कधी निघते, कोणत्या घरात पुस्तक आहे आणि कोणत्या घरात फक्त ओवी आहे, हे आधी पाहावे आणि मग स्वतःचा कागद करावा. त्यात विद्यार्थ्यांसाठी जितकी कलमे असतील, तितकीच स्वतःसाठीही असावीत.