पाळी

गिरणीत हा शब्द दिवसातनं पन्नास वेळा तोंडी येतो. पहिली पाळी, दुसरी पाळी, रातपाळी. मुकादम ओरडून सांगतो, आम्ही ओरडून उत्तर देतो. लाज कुणाला वाटत नाही. तोच शब्द वाइंडिंग खात्यातल्या बाईला दुसऱ्या अर्थाने बोलायचा झाला की ती शेजारणीच्या कानाला लागते. साच्यांच्या खडखडाटात कानातलंही ऐकू येत नाही. तरी कानातच.

दोस्तहो, मी आठवी नापास. सूतगिरणीत रिंग फ्रेमवर आहे, कविता लिहितो. गाव अकोले तालुक्यात, प्रवरेच्या काठी. हा लेख माझ्याविरुद्ध आहे, ते आधीच सांगून टाकतो.

गेल्या 25 डिसेंबरला रजा टाकून गावी गेलो. 1927 साली महाडला ज्या मनुस्मृतीची होळी झाली तिची पानं आम्ही पोरं दरवर्षी विहारासमोर जाळतो. अख्खं पुस्तक कोण विकत घेणार, म्हणून अकोल्यातनं मराठी भाषांतराच्या चार पानांची झेरॉक्स आणली होती. पानं जाळली. मी कविता म्हटली. टाळ्या पडल्या. संध्याकाळी वंदना. धाकटी बहीण बारावीला आहे, तिचे उच्चार स्वच्छ, म्हणून वंदना तीच सांगते. उंबऱ्यातच आत्याने तिचा दंड धरला.

"तू बाजूलाय ना गं? भाईर थांब. बाबांच्या फोटूला हात लावू नको."

धाकटीने माझ्याकडं बघितलं. माईक माझ्या हातात होता. मी म्हणालो, "राहू दे आजच्या दिवस. लोक बघतायत."

एवढंच म्हणालो. मेणबत्ती दुसऱ्या पोरीने लावली. धाकटी चपलांपाशी उभी राहिली.

रात्री ती जेवली नाही. सकाळी उरलेल्या झेरॉक्समधलं एक पान तिने माझ्यापुढं टाकलं. "दादा, हे वाचलं व्हतंस का नुसतंच जाळलंस?"

नव्हतं वाचलं. पाचवा अध्याय, 85 वा श्लोक. कुणाला शिवल्यावर आंघोळ करून शुद्ध व्हायचं त्याची ती यादी आहे. चांडाळ आहे. त्याला लागूनच विटाळशी बाई आहे. मग पतित, बाळंतीण, मढं. म्हणजे माझा आजा आणि माझी बहीण एकाच श्लोकात, मांडीला मांडी लावून. आम्ही काय केलं? आजाच्या नावाचा अर्धा श्लोक जाळला. बहिणीच्या नावाचा अर्धा वाचवून घरी आणला.

बाबासाहेबांनी 1948 च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात विटाळाचं मूळ शोधताना जन्म, मृत्यू, बाईचे ते दिवस, सगळं तपासलंय. तो विटाळ काही दिवसांनी फिटतो, अस्पृश्याचा फिटत नाही, पिढीजात चालतो, हा फरक त्यांनी दाखवला. मी ते पुस्तक रातपाळीच्या चहाच्या सुट्टीत वाचलेलं. आपल्यापुरतं वाचलं. 2018 च्या शबरीमला निकालात न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी पाळीवरून बाईला दूर ठेवणं म्हणजे अस्पृश्यताच, ते घटनेच्या 17 व्या कलमात येतं, असं लिहिलं. सगळ्या न्यायाधीशांचं त्यावर एकमत झालं नाही. पण आमच्या विहाराच्या उंबऱ्याला कशाला पाहिजे कोर्ट?

मी आठ तास सूत काढतो. सुताचं कापड, कापडाचं लुगडं, लुगडं विरलं की फडकं. ते फडकं आमच्या घरात वाळतं कुठं, हे मला चोवीस वर्षांत माहीत नव्हतं. घरामागं, भिंतीला लागून, पोत्याखाली, अंधारात. आमच्याकडच्या पावसात चार चार दिवस ओलंच. तेच परत घ्यायचं. फडकं वाईट नाही, दोस्तहो. सुती फडकं साबणाने धुवावं, कडक उन्हात वाळवावं, घडी करून कोरड्या जागी ठेवावं, चार-सहा तासांनी बदलावं. एवढंच आहे. पण ऊन म्हणजे उघडं, आणि उघडं म्हणजे बोभाटा. मग खाज, जळजळ, अंगावरनं जाणं. सांगायचं कुणाला?

आईने दोन हंगाम ऊस तोडला. नवराबायको मिळून एक कोयता, उचल आधीच खाल्लेली, खाडा पडला की पैसे कापले. त्या दिवसांतही मोळी डोक्यावर घेऊन फळी चढायची. हे तिने मला आत्ता सांगितलं, मी विचारलं तेव्हा. 2019 साली सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात 82,309 ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. कितीतरी चाळिशीच्या आतल्या. पाळीच नको, खाडाच नको. हा आकडा मी गिरणीत एकाला सांगितला तर तो म्हणाला, बायकांचं बायका बघतील.

बायकांनी बघितलंही. 1 जुलै 2017 ला पॅडवर 12 टक्के जीएसटी बसला. कुंकू, बांगड्या मात्र माफ. 'लहू का लगान' म्हणत बायकांनी मोबाईलवरनं सरकारला हैराण केलं. जुलै 2018 मध्ये कर उठला. आम्ही तेव्हा कुठं होतो? मेडिकलवाला पॅड अजून कागदात गुंडाळून काळ्या पिशवीत देतो. तंबाखूची पुडी उघडी देतात.

आणि आमच्या डोंगराला लागूनच शहापूर. जुलै 2025 मध्ये तिथल्या एका शाळेत संडासात रक्ताचे डाग दिसले म्हणून पोरींना गोळा केलं, कुणाची पाळी आहे विचारलं, नाही म्हणाल्या त्यांचे कपडे उतरवून बघितलं. मुख्याध्यापिकेला अटक झाली. ती बाईच होती.

गिरणीत परत गेल्यावर गेटसभेत मी मागणी टाकली. वाइंडिंगच्या संडासाला कडी पाहिजे, पाणी पाहिजे, झाकणाची बादली पाहिजे. बायकांना वेगळा, बंद दाराचा, स्वच्छ संडास हे 1948 च्या कारखाना कायद्यातच होतं, 19 वं कलम. एक जण म्हणाला, "कवी, आता कंची पाळी मागतो रे?" सगळे हसले. वाइंडिंगची एक वयस्क बाई उठली. "दार धराया एक बाई भाईर उभी करावी लागती आमाला. हसा." मग कुणी हसलं नाही. कडी लागली. पाणी अजून नाही.

परवा गावी होतो. धाकटीने अंगणात, पुढच्या तारेवर, फडकी वाळत घातली. शेजारी माझी बनियन. आत्या तोंड फिरवून गेली. वाऱ्याने एक फडकं खाली पडलं. मी वाकलो तशी आई घरातनं ओरडली, "आरं, तू नको!"

धाकटी काही बोलली नाही. मी फडकं उचललं. माती लागली होती. हौदावर नेलं, धुतलं, पिळून परत तारेवर टाकलं. आई दारात उभी होती. थोड्या वेळाने आतनं चिमटा आणून तिने माझ्या हातावर ठेवला.