खोली मिळेल, गादी नाही

सहलीला निघणाऱ्या मध्यमवर्गीय माणसाचे प्रश्न दोनच. "गरम पाणी किती ते किती?" आणि "नाश्ता धरून ना?" यांची समाधानकारक उत्तरं मिळाली, की तो समोरचा सूर्यास्त बघायला मोकळा. माथेरानपासून मनालीपर्यंत मी हे प्रश्न विचारत आलो आहे. अलास्कातल्या सिटका या गावाच्या बाबतीत मात्र पहिल्याच प्रश्नाला उत्तर आलं, गरमचं सोडा, नळच नाही.

हिचा भाचा सिअ‍ॅटलला असतो. (हल्ली प्रत्येकाच्या हिचा एक भाचा सिअ‍ॅटलला असतोच.) त्याने बोलावलं, आणि पुढे अडीच तासांच्या विमानावर सिटका आहे हेही त्यानेच सांगितलं. गाव बारानॉफ नावाच्या बेटावर. समोर समुद्र, मागे डोंगर आणि जंगल. गावातला रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम चौदा मैल, पुढे रस्ता नावाची वस्तूच संपते. बाहेरून यायचं तर बोटीने नाहीतर विमानाने. वस्ती आठ-साडेआठ हजार. आमच्या शाखेत याहून जास्त खाती आहेत, आणि सोमवारी सकाळी ती सगळी माझ्याच खिडकीशी उभी असतात.

गावाबद्दल मला खरी आपुलकी वाटली ती इतिहास वाचून. अलास्का पूर्वी रशियाचं. अमेरिकेने ते १८६७ साली बहात्तर लाख डॉलरला विकत घेतलं, म्हणजे एकरी दोन सेंटला. (बहात्तर लाखांत आज डोंबिवलीत दोन खोल्या आणि स्वयंपाकघर येतं. डॉलर-रुपयाचा तेवढा फरक.) हस्तांतरणाचा समारंभ सिटकालाच झाला, १८ ऑक्टोबर १८६७ रोजी. झेंडा उतरला, झेंडा चढला. आणि पैशांचा चेक? त्यावर तारीख आहे १ ऑगस्ट १८६८! आधी ताबा, साडेनऊ महिन्यांनी चेक. आमच्याकडे अशा व्यवहाराला कोणी मंजुरी दिली असती, तर त्याची बदली सिटकालाच झाली असती.

तर राहायचं कुठे? गावात हॉटेलं आहेत, पण भाच्याचं म्हणणं पडलं की, हॉटेलात राहायला अलास्का कशाला? गावाभोवती टोंगास नावाचं सरकारी जंगल आहे, एक कोटी सदुसष्ट लाख एकरांचं. त्यात जंगलखात्याने समुद्राकाठी, तळ्याकाठी लाकडी खोल्या बांधून ठेवल्यात. त्या भाड्याने मिळतात. वीज नाही, नळ नाही. झोपायला लाकडी फळ्या आहेत, गादी नाही. संडास बाहेर. पाणी ओढ्याचं, तेही उकळून. शेगडी असते, पण काही ठिकाणी ती तेलावरची असते आणि तेल आपण न्यायचं. लहानपणी रॉकेलच्या रांगेत मी उभा राहिलेलो आहे, तेव्हा ते कलम मला परकं वाटलं नाही. आरक्षण सहा महिने आधी उघडतं. पण गणपतीत कोकणात जायचं रेल्वेचं तिकीट ज्याने काढलंय, त्याला अमेरिकेचं जंगलखातं काय घाबरवणार?

घाबरवलं ते अस्वलांनी. बारानॉफवर तपकिरी अस्वलं आहेत आणि त्यांचं नाक फार तिखट. तेव्हा खाण्याचं काहीही उघडं ठेवायचं नाही. हिच्या यादीत पहिल्या तीन वस्तू होत्या लसणीची चटणी, मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी. चालताना मोठमोठ्याने बोलावं, म्हणजे अस्वल दचकत नाही, असंही वाचलं. (आमच्या थोरल्या वहिनींना सबंध अलास्कात धोका नाही.) आणि अस्वल अंगावर आलंच, तर पालथं पडून मेल्यासारखं निपचित राहायचं. ऑडिटचे लोक शाखेत आले की मी गेली वीस वर्षं हेच करतोय.

या खोल्यांपर्यंत बोट जाते, नाहीतर पाण्यावर उतरणारं छोटं विमान. विमानवाले सामानाचं वजन विचारतात, आणि माणसांचंही. आमच्या घरातला हा सर्वांत गुप्त आकडा. तो भाच्याला कळवण्यावरून आठवडाभर पत्रव्यवहार अडला. शिवाय धुकं असलं तर विमान येतच नाही, म्हणून दोन-तीन दिवसांचा जादा शिधा न्यावा म्हणतात. शिध्याचं जमेल, पण रजा वाढवायच्या अर्जात कारण काय लिहू? "धुके"? आमच्या मॅनेजरसाहेबांनी बारा वर्षांत आजारपण हे कारणसुद्धा पूर्ण मान्य केलेलं नाही.

पाऊस म्हणाल तर साधारण मुंबईइतकाच. फक्त मुंबईत तो चार महिन्यांत उरकतो, तिथे वर्षभर पुरवून पुरवून पडतो. जूनमध्ये उजेड जवळपास अठरा तास असतो, म्हणजे दिवेलागणीआधी जेवणाऱ्यांनाही घाई नाही.

हे सगळं मी हिला वाचून दाखवलं. माझा हिशेब सरळ होता, नळ नाही म्हटल्यावर ही नाही म्हणेल आणि आपण सिअ‍ॅटलला भाच्याकडे गादीवर झोपू. ही शांतपणे पालेभाजी निवडत होती. म्हणाली, "माझ्या माहेरी असंच होतं. विहीर, चूल, संडास परड्यात."

"मग? तेच बघायला डॉलर मोजायचे?"

"तिथे सतरा माणसांचं पाणी भरायचे मी," ही म्हणाली. "इथे दोघांचंच आहे."

पुढे काही बोलली नाही. मीही नाही. आमच्याकडे दोन खोल्यांत लग्न झाल्यापासून कधी आई, कधी शिकायला आलेले पुतणे, कधी मुलांच्या परीक्षा. दाराची बेल आणि कुकरची शिट्टी यांतून दोघांचा म्हणून किती वेळ शिल्लक पडला, हा हिशेब मी कधी मांडला नव्हता. मांडायला गेलो, तर रकाना बऱ्यापैकी कोरा निघाला. त्या रात्री मी रजेचा अर्ज लिहिला, आणि कारण म्हणून "कौटुंबिक" एवढंच घातलं.

चार रात्री ठरल्या. रविवारी भाच्याचा फोन आला. "मावशी, आम्ही चौघंही येऊ का खोलीवर? मुलांना मजा वाटेल."

"जागा नाही रे तिथे," ही म्हणाली. "अगदी लहान आहे खोली."

खोलीत सहाजणांची सोय आहे. तो कागद माझ्या हातातच होता, आणि मी तोंड उघडणारही होतो. हिने नुसतं माझ्याकडे पाहिलं. कुठल्या खात्यातली शिल्लक कोणाला सांगायची नाही, एवढं वीस वर्षांत मला कळायला लागलं आहे. कागद मी घडी घालून खिशात ठेवला.