‘डिस्कस’ला ‘अबाउट’ नको

विद्यानगर, हैदराबाद

चि. सोनूस,


तुझा अर्ज वाचला. मजकूर नेटका आहे, स्पेलिंगला नाव ठेवायला जागा नाही. लाल पेन चाललं ते ‘डिस्कस्ड अबाउट’, ‘रिक्वेस्टेड फॉर’ आणि ‘एम्फसाइझ ऑन’ या ठिकाणी. ‘अबाउट’, ‘फॉर’, ‘ऑन’ सरळ खोडून टाक.

का, तेही सांगतो, कारण नुसती घोकंपट्टी करून हे बसत नाही. मराठीत आपण क्रियापदाचं काम बरेचदा नामावर सोपवतो आणि पुढे ‘करणे’, ‘देणे’ जोडतो. चर्चा करणे, विनंती करणे, मागणी करणे, भर देणे. चर्चा कशाबद्दल तरी असते, भर कशावर तरी असतो. इंग्रजीतही नाम असेल तर हेच चालतं: ‘डिस्कशन अबाउट’, ‘रिक्वेस्ट फॉर’, ‘एम्फसिस ऑन’, ‘एन्ट्री इंटू’. पण तीच गोष्ट क्रियापदाने सांगायची झाली की अव्यय गळतं. ‘डिस्कस द फी’, ‘एंटर द हॉल’. आपल्या मनात चालू असतं नाम, कागदावर उतरतं क्रियापद आणि नामाचं शेपूट तसंच लोंबत राहतं. ‘डिमांड’, ‘ऑर्डर’, ‘रिक्वेस्ट’ तर जास्तच फसवे, कारण त्यांचं नाम आणि क्रियापद दिसायला एकच. ‘अ‍ॅन ऑर्डर फॉर टी’ बरोबर. ‘वुई ऑर्डर्ड फॉर टी’ चूक. (करारात शिरताना मात्र ‘एंटर इंटू’ लागतं. इंग्रजी आहे ती, अपवाद ठेवणारच.)

हैदराबादेत याला आणखी एक पदर आहे. आपण म्हणतो ‘माझ्यावर विश्वास’, दखनीत ‘मेरे पे भरोसा’, तेलुगूत ‘ना मीद नम्मकम्’. तिन्हीकडे ‘वर’च. मग ‘बिलीव्ह ऑन’ म्हणणाऱ्याला आपलं चुकतंय हे कळावं कसं? तेच लग्नाचं. आपलं ‘शी’, दखनीचं ‘से’, तेलुगूचं ‘तो’, म्हणून सगळे ‘मॅरीड विथ’ म्हणतात. इंग्रजीला हवं असतं ‘बिलीव्ह इन’ आणि ‘मॅरीड टू’. तेलुगूचं कुळ आपल्यापेक्षा वेगळं, तरी इथे तिघी एका बाजूला आणि इंग्रजी एकटी दुसऱ्या बाजूला. म्हणून आमच्या विद्यानगरात चहाच्या टपरीवर असल्या इंग्रजीने कुणाचं अडत नाही, आणि बोलण्यात मी कुणाला टोकतही नाही. अर्जाचं तसं नाही. तू अर्ज करते आहेस ती इफ्लू युनिव्हर्सिटी 1958 साली ‘सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश’ म्हणून सुरू झाली, देशातलं इंग्रजीचं अध्यापन सुधारावं म्हणून. तिथल्या प्राध्यापकांच्या नजरेतून एक ‘अबाउट’ सुटेल असं समजू नकोस.

काही क्रियापदांना अव्यय हवंच असतं, पण कुठलं ते अर्थावर ठरतं. माणसाचं म्हणणं पटलं तर ‘अग्री विथ’, प्रस्ताव मान्य केला तर ‘अग्री टू’, दोघांनी मिळून तारीख ठरवली तर ‘अग्री ऑन’. अर्ज संस्थेकडे करतो तेव्हा ‘अप्लाय टू’, जागेसाठी करतो तेव्हा ‘अप्लाय फॉर’. तुझ्या पहिल्याच वाक्यात ही दोन्ही हवीत. तू दोन्हीकडे ‘फॉर’ लिहिलं आहेस.

याला पाठांतरापेक्षा शब्दकोश बरा, पण इंग्रजी-मराठी नव्हे. त्यात अर्थ मिळतो, वाक्यात शब्द कसा बसतो ते क्वचितच. हॉर्नबींचा कोश घे. ते जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते. परक्या विद्यार्थ्याला अर्थ कळूनही वाक्य जमत नाही, हे तिथे रोज दिसत असणार. त्यांनी सहकाऱ्यांसह केलेला कोश 1942 साली टोकियोत निघाला, आणि 1948 पासून तो ऑक्सफर्डचा झाला. क्रियापदानंतर काय येतं, काही येतं की नाही, ते त्यात नमुन्यासकट दिलेलं असतं. शब्द ओळखीचा वाटला तरी बघ. ‘डिस्कस’ तुला ओळखीचाच वाटला होता.

आता अर्जातल्या प्रत्येक क्रियापदाखाली रेघ ओढ, कोशात बघ आणि नवी प्रत मला पाठव. मी ती वाचेपर्यंत ‘सबमिट’ दाबू नकोस. आईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा