एका आकड्याची बाई

पुण्याच्या मंडईत भाजी घेऊन शुक्रवार पेठेतून निघालं की एखाद्या लॅबच्या फलकावर तिचं नाव दिसतं: एएमएच. पिवळ्या झाकणाच्या नळीत रक्त जातं, कागदावर एक आकडा येतो. तेवढं बोलून ही बाई गप्प.

तिच्या मैत्रिणींचे, म्हणजे इतर संप्रेरक-तपासण्यांचे, नखरे फार. एफएसएचला पाळीचा दुसरा-तिसरा दिवसच लागतो. प्रोलॅक्टिन नुसत्या ताणानंही चढते. हिला ना मुहूर्त, ना उपास. लाडकी झाली ती बहुधा त्यामुळेच.

एएमएच हे संप्रेरक बीजकोशातल्या छोट्या पुटिका सोडतात. पुटिका जास्त, तर आकडा जास्त. गाळ्यावर माल किती उरलाय एवढंच ती सांगते. तो ताजा आहे का, आज खपेल का, हे तिला ठाऊक नाही आणि ती तसा दावाही करत नाही. आयव्हीएफच्या डॉक्टरांना इंजेक्शनचा डोस ठरवायला ती उपयोगी पडते. भविष्य तिच्या तोंडी घालतो ते आपण. वंध्यत्वाची तक्रार नसलेल्या, 30 ते 44 वयाच्या 750 अमेरिकन स्त्रियांचा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. आकडा कमी असलेल्यांनाही इतरांइतक्याच प्रमाणात दिवस राहिले होते. गर्भनिरोधक गोळ्या चालू असल्या की आकडा उतरतो, पीसीओडीत चढतो. शिवाय नॅनोग्रॅममधला 1 पिकोमोलमध्ये 7.14 होतो, एकक न वाचताच रडारड करणारी घरं कमी नसतील.

मला खुपतं ते वेगळंच. घरात आधी विचारणा होते ती सुनेच्या रिपोर्टची. मुलाचा विषय निघाला की सगळे पंख्याकडे बघतात. मूल होत नसलेल्या जवळपास निम्म्या जोडप्यांत कारण पुरुषाकडेही असतं, तरी!

ही मंडई ज्यांच्या नावाची, त्या जोतीराव फुल्यांना मूल झालं नाही. (मंडईच्या खर्चाला त्यांनी नगरपालिकेत विरोध केला होता, हे पुण्याला साजेसंच.) दोष कोणाचा हे सांगणारी नळी तेव्हा नव्हती. जोतीरावांनी दुसरं लग्न केलं नाही. सावित्रीबाईंसह त्यांनी काशीबाई या विधवेच्या मुलाला, यशवंतला, दत्तक घेतलं.

तेव्हा सासूबाई, सुनेला रक्त द्यायला न्याल तेव्हा चिरंजीवांनाही बरोबर घ्या. वीर्यतपासणीला सुईसुद्धा टोचत नाहीत.